प्रशिक्षक न्यूट रॉकनी आणि न्यूयॉर्कचे बोलावणे

पवित्र सप्ताहातील मंगळवार होता. ३१ मार्च १९३१ रोजी सकाळी अमेरिकेच्या कॅन्सास राज्यात, बझार नावाच्या खेड्याजवळील कुरणात एक प्रवासी विमान कोसळले व त्यातील आठही जण जागीच मरण पावले. मृतांमध्ये इंडियाना राज्यातील नोटर डेम या कॅथलिक विद्यापीठाचे फुटबॉल प्रशिक्षक न्यूट रॉकनी होते. त्यांचे वय अवघे ४३ वर्षांचे होते. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी शोक व्यक्त केला, नॉर्वेच्या राजाने आपला प्रतिनिधी अंत्यविधीसाठी धाडला आणि देशभरातील लोकांनी तो विधी रेडिओवरून ऐकला. एका खेळाच्या प्रशिक्षकाला असा निरोप त्यापूर्वी त्या देशात क्वचितच कुणाला मिळाला असेल.

रॉकनींनी जिंकलेल्या सामन्यांच्या कथा इंग्रजीत पुष्कळांनी लिहिल्या आहेत. आम्हाला त्यांच्या आयुष्यातील एका डिसेंबर महिन्याविषयी अधिक लिहावयाचे आहे. त्या महिन्यात न्यूयॉर्कच्या एका नामांकित विद्यापीठाने आपल्या मागे पडलेल्या फुटबॉल संघासाठी त्यांना ओढून नेण्याचा घाट घातला होता, आणि आमचे हे कथानायक जवळजवळ गेलेच होते.

प्रथम या खेळाविषयी थोडे सांगितले पाहिजे. वसईत किंवा गोव्यात चर्चच्या पटांगणावर आपली मुले जो फुटबॉल खेळतात तो हा नव्हे. अमेरिकेतील फुटबॉलचा चेंडू लंबगोल असतो. तो हातात धरून पळायचे असते व समोरच्या अकरा जणांनी पळणाऱ्याला अंगावर झेप घेऊन खाली पाडायचे असते. खेळ इतका दांडगा, की १९०५ च्या एका मोसमात किमान अठरा तरुण दगावले व खेळ बंद करण्याची मागणी उठली. काही विद्यापीठांनी तो खरोखरच बंद केला. त्यांत न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ होते. पुढील वर्षी नियम बदलले आणि चेंडू पुढच्या दिशेने फेकण्याची मुभा मिळाली. या दोन्ही गोष्टी वाचकांनी ध्यानात ठेवाव्यात. दोन्हींचा आपल्या कथेशी संबंध आहे.

तेथील महाविद्यालयांत या खेळाचे जे माहात्म्य आहे, त्याची आपल्याला कल्पना येणे कठीण आहे. शनिवारच्या सामन्याला हजारो माणसे तिकीट काढून येतात, माजी विद्यार्थी त्याच निमित्ताने जुन्या संस्थेत पाऊल टाकतात व देणग्याही देतात. संघ हरू लागला की याच माजी विद्यार्थ्यांचा आवाज सर्वांत मोठा असतो. विद्यापीठात ग्रंथालय कसे आहे याची चौकशी ते करीत नाहीत. नवा प्रशिक्षक आणा, एवढाच त्यांचा धोशा असतो.

न्यूट रॉकनी यांचा जन्म ४ मार्च १८८८ रोजी नॉर्वेमधील व्हॉस या गावी एका लुथरन कुटुंबात झाला. वडील लार्स घोडागाड्या बनविणारे कसबी कारागीर होते. शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने ते अमेरिकेला गेले व १८९३ साली त्यांनी कुटुंबाला तिकडे बोलावून घेतले. तेव्हा न्यूट पाच वर्षांचे होते. शिकागोच्या लोगन स्क्वेअर भागात, रस्त्यावरच्या मोकळ्या जागेत ते हा नवा खेळ शिकले. शिक्षण मध्येच सुटले आणि टपाल खात्यात नोकरी धरावी लागली. सुमारे चार वर्षे पत्रे लावण्याचे काम करून त्यांनी एक हजार डॉलर गाठीला बांधले. इलिनॉय विद्यापीठात जाण्याचा विचार होता. परंतु दोन मित्र नोटर डेमला निघाले होते व तेथे खर्च कमी येईल असे त्यांनी पटविले. अशा रीतीने १९१० साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, डोक्यावरचे केस विरळ होऊ लागलेला हा लुथरन टपाल कारकून एका कॅथलिक संस्थेच्या दारात येऊन उभा राहिला.

ही संस्था फ्रान्सहून आलेले होली क्रॉस संघाचे धर्मगुरू फादर एडवर्ड सोरिन यांनी १८४२ साली साउथ बेंड शहरालगत, तळ्याकाठी स्थापिली व पवित्र मरियेच्या नावाने अर्पण केली. मूळ फ्रेंच उच्चार नोत्र दाम. अमेरिकेत मात्र नोटर डेम असेच म्हणतात, म्हणून येथेही तेच रूप ठेवले आहे. (याच संघाचे मिशनरी १८५३ साली बंगालमध्ये आले. ढाक्याचे नोत्र दाम कॉलेज त्यांचेच.) रॉकनी विद्यार्थी झाले तेव्हा ही संस्था लहान होती. श्रीमंत प्रोटेस्टंट घराण्यांच्या देणग्यांवर पोसलेल्या पूर्वेकडील विद्यापीठांत तिला कोणी गणत नव्हते. येथे आयरिश, पोलिश, जर्मन अशा स्थलांतरित कामगारांची मुले शिकत.

रॉकनी अभ्यासात हुशार निघाले. रसायनशास्त्र हा त्यांचा विषय आणि फादर ज्युलियस न्यूलंड हे त्यांचे गुरू. ज्यांच्या संशोधनातून पुढे कृत्रिम रबर तयार झाले, ते हेच फादर न्यूलंड. १९१४ साली रॉकनी मोठ्या गुणवत्तेने पदवीधर झाले आणि त्यांच्याच प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून लागले. एव्हाना खेळाडू म्हणून त्यांचे नाव झाले होते. १९१३ च्या उन्हाळ्यात ईरी सरोवराच्या काठी सीडर पॉइंट येथे नोकरी करीत असता त्यांनी व त्यांचा सोबती गस डोरे याने वाळूत चेंडू फेकण्याचा व धावता धावता झेलण्याचा सराव केला. चेंडू पुढे फेकण्याची मुभा मिळून सात वर्षे झाली होती. तरी मोठे संघ ती युक्ती हात राखूनच वापरीत. १ नोव्हेंबर १९१३ रोजी वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीला नोटर डेमने ३५-१३ असे हरविले तेव्हा पूर्वेकडील वृत्तपत्रांनी या अपरिचित कॅथलिक कॉलेजाचे नाव प्रथमच मोठ्या अक्षरांत छापले. त्याच सीडर पॉइंटला बॉनी स्किल्स या तरुणीशी त्यांची ओळख झाली व १९१४ साली कॅथलिक चर्चमध्ये दोघांचा विवाह झाला.

१९१८ साली मुख्य प्रशिक्षक जेसी हार्पर हे कॅन्सासमध्ये गुरांची शेती सांभाळण्यासाठी निघून गेले आणि त्यांच्या साहाय्यकाकडे, म्हणजे रॉकनींकडे, संघ आला. तेरा मोसमांत त्यांच्या संघाने १०५ सामने जिंकले, १२ गमावले व ५ बरोबरीत सोडविले. १९१९ व १९२० साली एकही सामना गमावला नाही. जॉर्ज गिप हा त्या काळातील त्यांचा सर्वांत गुणी खेळाडू १४ डिसेंबर १९२० रोजी घशाच्या व फुप्फुसाच्या आजाराने वारला. १९२४ चा संघ तर दंतकथाच होऊन बसला. त्याने सर्व सामने जिंकले आणि १ जानेवारी १९२५ रोजी कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डला २७-१० असे हरविले.

हे विजय केवळ खेळाचे नव्हते. त्या काळी कू क्लक्स क्लान ही कॅथलिक, ज्यू व कृष्णवर्णीय यांचा द्वेष करणारी संघटना इंडियानात कमालीची प्रबळ होती. मे १९२४ मध्ये त्यांनी साउथ बेंडमध्येच मेळावा भरविला. विद्यार्थी रस्त्यावर उतरले व मारामारी झाली. अध्यक्ष फादर मॅथ्यू वॉल्श यांना मुलांना आवरून वसतिगृहात परत आणावे लागले. मध्य पश्चिमेतील मोठ्या विद्यापीठांच्या क्रीडासंघात नोटर डेमला प्रवेश मिळत नव्हता. अर्ज वारंवार फेटाळले गेले. तेव्हा शिकागोतला कत्तलखान्याचा मजूर किंवा न्यूयॉर्कचा पोलीस शिपाई, ज्याने नोटर डेमची पायरी कधी पाहिली नव्हती, तोही शनिवारी या संघासाठी प्रार्थना करी. आपल्या मुलांना कोणी तुच्छ लेखू शकत नाही, हे त्याला आठवड्यातून एकदा दिसत असे.

असा प्रशिक्षक आपल्याकडे असावा असे कुणाला वाटणार नाही? बोलावणी येऊ लागली. १९२४ साली नोटर डेमने त्यांच्याशी दहा वर्षांचा करार केला. पगार वर्षाला दहा हजार डॉलर. तरीही लॉस एंजेलिसच्या दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९२५ साली त्यांना विचारलेच. त्या वेळी रॉकनी गेले नाहीत, परंतु त्यांनी हॉवर्ड जोन्स यांचे नाव सुचविले. जोन्स तेथे गेले व त्यांनी पुढे असा संघ उभा केला, की रॉकनींनाच त्याच्याशी झुंजताना घाम फुटावा. योग्य माणूस सुचविणे ही सुद्धा एक देणगीच असते, आणि तिची झळ कधी कधी देणाऱ्यालाच लागते.

आता त्यांच्या श्रद्धेविषयी. पंधरा वर्षे रॉकनी कॅथलिक वातावरणात वावरले. पत्नी व मुले चर्चला जात, ते मात्र लुथरनच राहिले. संस्थेतील धर्मगुरूंनी त्यांच्यावर कधी दडपण आणले नाही, ही गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. पुढे त्यांनीच सांगितल्याप्रमाणे, बाहेरगावच्या सामन्यांना गेले असता त्यांचे खेळाडू झोप मोडून पहाटे उठत व ख्रिस्तप्रसाद घेण्यासाठी चर्चला जात. हे पाहून प्रशिक्षकाला आपणच मागे राहिल्यासारखे वाटू लागले. २० नोव्हेंबर १९२५ रोजी विद्यापीठाच्या आवारातील लाकडी ओंडक्यांच्या लहानशा चॅपेलमध्ये फादर व्हिन्सेंट मूनी यांच्या हस्ते त्यांचा स्नानसंस्कार झाला. दुसऱ्या दिवशी नॉर्थवेस्टर्नविरुद्ध सामना होता. अर्ध्या वेळेपर्यंत त्यांचा संघ ०-१० असा मागे होता आणि अखेरीस १३-१० असा जिंकला.

मोसम मात्र चांगला गेला नव्हता. मागील वर्षीचे नामवंत खेळाडू शिक्षण पूर्ण करून गेले होते. ऑक्टोबरमध्ये वेस्ट पॉइंटने २७-० अशी धूळ चारली होती. स्नानसंस्काराला सहा दिवस होतात न होतात तोच नेब्रास्काने १७-० असे हरविले, आणि त्या मैदानावर आयरिश कॅथलिकांची इतकी टवाळी झाली की नोटर डेमने त्या विद्यापीठाबरोबरचे सामनेच थांबविले. अशा मनःस्थितीत, डिसेंबरच्या आरंभी, रॉकनी न्यूयॉर्कला गेले.

कोलंबिया हे १७५४ साली राजाच्या सनदेने स्थापन झालेले, अँग्लिकन मुळाचे, धनाढ्य विद्यापीठ. विद्वत्तेत त्याची बरोबरी करणारी थोडीच. पण फुटबॉलची कथा निराळी होती. १९०५ साली बंद केलेला खेळ त्यांनी १९१५ साली पुन्हा सुरू केला. मधल्या दहा वर्षांत हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन पुढे निघून गेले होते. माजी विद्यार्थ्यांची कुरकुर वाढली तेव्हा १९२३ साली हार्वर्डचे गाजलेले प्रशिक्षक पर्सी हॉटन यांना आणण्यात आले. परंतु ऑक्टोबर १९२४ मध्ये, मोसम ऐन भरात असताना, त्यांचे अकस्मात निधन झाले. त्यांच्या जागी १९२५ साली चार्ल्स क्राउली आले. हे क्राउली नोटर डेमचेच माजी विद्यार्थी, आणि एकेकाळी रॉकनींबरोबर एकाच संघात खेळलेले. पहिल्या वर्षी त्यांनी दहापैकी सहा सामने जिंकून दिले. कोणत्याही समंजस समितीने त्यांना आणखी दोन वर्षे दिली असती. कोलंबियाच्या समितीला मात्र सहा विजय नको होते. तिला नाव हवे होते, ज्याने पन्नास साठ हजारांची मैदाने भरतील.

समितीच्या अध्यक्षांनी रॉकनींची गाठ घेतली. तीन वर्षांसाठी दर वर्षी २५ हजार डॉलर असा आकडा नंतर वृत्तपत्रांतून छापून आला. नोटर डेमच्या पगाराच्या तो अडीच पट होता. रॉकनींनी एका कागदावर सही केली. अट अशी, की नोटर डेम आपल्याला करारातून मोकळे करील तरच हे बंधनकारक, आणि तोपर्यंत बाहेर वाच्यता होऊ नये.

अशा गोष्टी लपून राहत नाहीत. काही दिवसांतच बातमी फुटली आणि डिसेंबरच्या मध्यावर ती पहिल्या पानावर झळकली. साउथ बेंडमध्ये विद्यार्थ्यांना ती वृत्तपत्रातून कळली आणि संघाच्या मुलांनाही. वृत्तपत्रांपुढे रॉकनींनी हात झटकले. आपल्याला घाई करण्यात आली, सहीचा अर्थ तसा नव्हता, अशा प्रकारची त्यांची भूमिका राहिली. ती पूर्णपणे पटण्यासारखी नाही. रसायनशास्त्रात प्रावीण्य मिळविलेल्या, करारांचे व्यवहार स्वतः पाहणाऱ्या माणसाला सही म्हणजे काय हे कळत नव्हते असे आम्हाला वाटत नाही.

मग त्यांनी सही का केली? पैशाचा मोह होता यात शंका नाही. चार पैसे कमावण्याची ओढ त्यांना आयुष्यभर होती. लहानपणीची गरिबी ज्यांनी पाहिली आहे त्यांनी त्यांना फार दोष देऊ नये. त्याशिवाय मनात एक सल होता. संघाच्या सामन्यांतून विद्यापीठाला मोठी रक्कम मिळत होती, पण घरचे मैदान अजून जुनेच, लाकडी बाकांचे व लहान होते. मोठे संघ तेथे यायला तयार नसत आणि रॉकनींच्या मुलांना आगगाडीने देशभर वणवण करावी लागे. नव्या स्टेडियमची त्यांची मागणी मान्य होत नव्हती. फादर वॉल्श यांची अडचणही खरी होती. शेकडो विद्यार्थी वसतिगृहात जागा नसल्याने शहरात खोल्या घेऊन राहत होते. त्यांना आवारात, चॅपेलच्या सान्निध्यात आणणे हे धर्मगुरूंचे पहिले कर्तव्य होते, आणि त्या वर्षांत एकामागून एक वसतिगृहे उभी राहिली ती याच हेतूने. मैदान आधी की मुलांचे अंथरूण आधी, या वादात आम्ही फादरांच्या बाजूचे आहोत. परंतु ज्याच्या श्रमातून पैसा येतो त्याला विचारात न घेतल्यास त्याचे मन बाहेर पाहू लागते, हेही तितकेच खरे. आपल्या शाळांच्या व्यवस्थापकांना हे निराळे सांगायला नको.

या प्रकरणात चार्ल्स क्राउली यांचा विचार कोणी केला असे दिसत नाही. ते न्यूयॉर्कमध्येच होते, त्याच पदावर होते. आपल्या जागेचा सौदा आपल्याच जुन्या सोबत्याशी चालला आहे हे त्यांना कळले तेव्हा त्यांना काय वाटले असेल? आम्हाला या साऱ्या प्रसंगात रॉकनींची हीच गोष्ट सर्वांत जास्त खटकते. करार मोडण्याचा विचार हा संस्थेविरुद्धचा अपराध. मित्राच्या जागेवर डोळा ठेवणे हे त्याहून जवळचे. आणि स्नानसंस्काराचे पाणी सुकून जेमतेम तीन आठवडे झाले होते. नवदीक्षितांविषयी आपल्या अपेक्षा अवाजवी असतात, जणू त्या दिवसापासून माणूस मोहाच्या पलीकडे गेला. वास्तविक मोहाची खरी परीक्षा त्यानंतरच सुरू होते, हे तपश्चर्याकाळाच्या पहिल्या रविवारचे शुभवर्तमान आपल्याला दर वर्षी सांगते.

फादर वॉल्श यांनी काय केले? त्यांनी न्यायालयाची भाषा केली नाही, वृत्तपत्रांतून रॉकनींची अब्रू काढली नाही, आणि त्यांना अडवून धरण्याचा पवित्राही घेतला नाही. ज्याला जायचे आहे त्याला कागदाच्या जोरावर थांबवून काय साधणार, असा त्यांचा विचार असावा. इकडे कोलंबियाच्या समितीनेही, हा माणूस मनापासून येत नाही हे पाहून, आग्रह सोडला. रॉकनी साउथ बेंडला परतले आणि १९२४ चाच करार पुढे चालू राहिला. क्राउली आपल्या जागी राहिले व त्यांनी आणखी चार मोसम इमानाने संघ सांभाळला.

यानंतर रॉकनी बदलून गेले असे लिहिता आले असते तर कथा नीटस झाली असती. तसे झाले नाही. २७ नोव्हेंबर १९२६ रोजी पिट्सबर्ग येथे कार्नेगी टेक या दुबळ्या समजल्या जाणाऱ्या संघाशी सामना होता. रॉकनी आपला संघ साहाय्यकावर सोपवून शिकागोला आर्मी विरुद्ध नेव्ही हा मोठा सामना पाहायला गेले, आणि इकडे नोटर डेम ०-१९ असे हरले. १९२८ साली नऊपैकी चार सामने गमावले. त्यांच्या कारकिर्दीतील तो सर्वांत वाईट मोसम. त्याच मोसमात वेस्ट पॉइंटविरुद्धच्या सामन्यात त्यांनी आठ वर्षांपूर्वी वारलेल्या गिपच्या नावाने मुलांना आवाहन केले व १२-६ असा विजय मिळविला. पुढे चित्रपटाने तो प्रसंग अजरामर केला. आणि त्या मोसमानंतर ओहायो स्टेट विद्यापीठाशी पुन्हा त्यांची बोलणी झाली, पुन्हा बातमी फुटली, पुन्हा ती फिसकटली. माणसाचा स्वभाव असाच हळूहळू सुटत जातो, किंवा सुटतच नाही.

मात्र या वेळेपर्यंत त्यांची मागणी पुरी होण्याच्या मार्गाला लागली होती. वसतिगृहे उभी राहिल्यावर विद्यापीठाने स्टेडियम बांधण्याचे ठरविले. साडेसात लाखांहून अधिक डॉलर खर्च आला व सुमारे ५४ हजार प्रेक्षकांची सोय झाली. बांधकाम चालू असल्याने १९२९ चा संपूर्ण मोसम परगावी खेळावा लागला. त्याच वर्षी रॉकनींच्या पायाच्या रक्तवाहिनीत गुठळी झाली व डॉक्टरांनी त्यांना सक्त विश्रांती सांगितली. तरीही चाकाच्या खुर्चीतून ते सरावाला येत. संघाने नऊच्या नऊ सामने जिंकले. ४ ऑक्टोबर १९३० रोजी नव्या मैदानावर पहिला सामना झाला आणि त्या मोसमात दहापैकी दहा विजय मिळाले. ज्या मैदानासाठी ते एकदा घर सोडायला निघाले होते, त्या मैदानावर त्यांना एकच मोसम लाभला.

१९३१ च्या मार्चअखेर नोटर डेमवरील एका चित्रपटाच्या कामासाठी ते लॉस एंजेलिसला निघाले. दोन मोठे मुलगे कॅन्सास सिटीच्या शाळेत शिकत होते, म्हणून वाटेत तेथे थांबले व मंगळवारी सकाळी विमानात बसले. विमानाचा पंख लाकडी होता. आत ओल शिरून त्याचे सांधे निकामी झाले असावेत असे तपासात आढळले. या अपघातानंतर लाकडी पंखांची प्रवासी विमाने मागे पडत गेली.

४ एप्रिल रोजी, पवित्र शनिवारी, विद्यापीठाच्या पवित्र हृदयाच्या चर्चमध्ये अंत्यविधी झाला. त्या दिवशी मृतांसाठी मिस्साबली अर्पण करण्याची परवानगी नसते. म्हणून केवळ प्रार्थनाविधी झाला. प्रवचन अध्यक्ष फादर चार्ल्स ओडोनेल यांनी केले. ते स्वतः कवी होते. शवपेटी १९३० च्या संघातील खेळाडूंनी वाहिली.

आता नवा प्रशिक्षक शोधण्याची पाळी नोटर डेमवर आली. जेसी हार्पर आपली गुरे सोडून क्रीडा संचालक म्हणून परत आले व रॉकनींचे साहाय्यक हंक अँडरसन यांच्याकडे संघ सोपविण्यात आला. दोन वर्षे बरी गेली. १९३३ साली संघाने नऊ सामन्यांत फक्त तीन जिंकले. माजी विद्यार्थ्यांचा तोच जुना धोशा सुरू झाला. मग विद्यापीठाने पिट्सबर्गच्या ड्युकेन या कॅथलिक विद्यापीठाकडून एल्मर लेडन यांना बोलावून आणले. १९२४ च्या गाजलेल्या संघातील ते रॉकनींचे खेळाडू. ड्युकेनला काय वाटले याची चर्चा फारशी झाली नाही.

कोलंबियाने १९३० साली क्राउलींच्या जागी जेझुइट फादरांच्या जॉर्जटाउन विद्यापीठातून लू लिटल यांना आणले. इटालियन स्थलांतरिताचा हा कॅथलिक मुलगा मूळचा लुइजी पिकोलो. योगायोग असा, की १ जानेवारी १९३४ या एकाच दिवशी लेडन यांनी मायामीत ड्युकेनसाठी आपला अखेरचा सामना जिंकला, आणि तिकडे कॅलिफोर्नियात भर पावसाने भिजलेल्या मैदानावर कोलंबियाने स्टॅनफर्डला ७-० असे हरविले. लिटल यांना पुढे इतरांनीही बोलावले. ते १९५६ पर्यंत कोलंबियातच राहिले. त्यांतले पुष्कळसे मोसम हरण्यातच गेले.